पासिंगला नेलेली जुनी गाडी वारंवार परत येते? मूळ कारण इथे शोधा

१५ वर्षं पूर्ण झालेली खासगी गाडी पासिंगला, म्हणजे नोंदणी वाढवण्याआधीच्या आरटीओ तपासणीला, नेली. हेडलाइट मंद आहे म्हणून इन्स्पेक्टरने परत पाठवली. हेडलाइटचं काम करून पुन्हा नेली, तर हँडब्रेक धरत नाही. तोही आवळून घेतला, तेवढ्यात पीयूसीची मुदत संपली आणि नव्या पीयूसीत गाडी फेल. ठाण्यात वागळे इस्टेटला आमच्या गॅरेजवर हे गाऱ्हाणं सतत येतं, फक्त गाडी आणि मालक बदलतात. २०१० च्या आसपास घेतलेल्या गाड्यांची नोंदणी आता मुदतीला येते आहे, त्यामुळे घोडबंदर रोडपासून ऐरोली-कोपरखैरण्यापर्यंत कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये अशी एखादी गाडी सापडतेच.

गाडी वयामुळे नापास होत नाही. ती परत येते कारण दुरुस्ती त्या एका दिवसापुरती केलेली असते. केबल आवळली, काच पुसली, धूर कसाबसा आकड्यात बसवला आणि गाडी रांगेत लावली, असं झालं की दोष फक्त पुढच्या तारखेपर्यंत दबतो. त्यामुळे खाली, तपासणीच्या दिवशी काय करायचं यापेक्षा दोष उलटून का येतो यावर जास्त लिहिलं आहे.

आधी एक भीती काढून टाकतो. "१५ वर्षं झाली, आता भंगारात द्यावी लागणार ना?" हा प्रश्न रोज येतो. तो नियम दिल्ली आणि आसपासच्या एनसीआर भागाचा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर तिथे बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. ठाणे किंवा नवी मुंबईच्या गाडीला ती लागू नाही. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते, पुढे गाडी तपासून घेऊन दर वेळी ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. गाडी धडधाकट असेल तर अशी कितीही वेळा.

पण मुदत संपल्यावर गाडी फिरवणं म्हणजे नोंदणी नसलेली गाडी फिरवणं. कलम १९२ खाली पहिल्यांदा ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे, पुन्हा सापडलात तर १०,००० पर्यंत. दंडापेक्षा मोठी गोष्ट विम्याची. नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर आणणं हा विम्याच्या कराराचा मूलभूत भंग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या एका निकालात म्हटलं आहे. म्हणजे हप्ता भरलेला असूनही अपघातानंतर हात रिकामे राहू शकतात. "अहो, भिवंडीपर्यंतच तर जायचंय" असं म्हणत मुदत संपलेली गाडी बाहेर काढणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

कागद आणि गाडी एकमेकांशी जुळतात का?

गॅरेजचं एक पैशाचंही काम काढण्याआधी आरसी, म्हणजे नोंदणीचं पुस्तक किंवा कार्ड, हातात घेऊन गाडीभोवती एक फेरी मारा. परत पाठवलेल्या कित्येक गाड्यांत पान्याला हात लावण्यासारखं काहीच नसतं.

आरसीवर इंधन फक्त पेट्रोल आणि डिकीत सीएनजीचं सिलिंडर, हे आपल्या भागात फार सापडतं. किट बसवलं, पण आरसीवर नोंद करायची राहिली. उलटंही असतं: किट काढून विकलं आणि कागदावर सीएनजी तसाच. दोन्ही प्रकारांत गाडी परत येणार. किट असेल तर सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखालची तपासणी) दर ३ वर्षांनी झालेली असावी लागते आणि त्याची प्लेट गाडीवर वाचता येईल अशी असावी लागते. पंपावर गॅस भरून मिळतोय म्हणजे सगळं ठीक आहे असं धरू नका, प्लेटवरची तारीख स्वतः वाचा.

दुसरं म्हणजे रंग. आरसीवर सिल्व्हर, गाडी मात्र मधल्या काळात काळी झालेली. तिसरं, कर्जाचा बोजा. हप्ते केव्हाच फिटले, पण आरसीवर बँकेचं नाव आहेच. बोजा उतरवायला बँकेची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, आणि फॉर्म ३५ लागतो. जुनी बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर पत्र नव्या बँकेकडून आणावं लागतं. देना बँकेचं कर्ज असलेल्यांना २०१९ च्या विलीनीकरणानंतर बँक ऑफ बडोदाकडे जावं लागतं, तसं. त्यात दिवस जातात, म्हणून हे काम सगळ्यात आधी हाती घ्या.

मोबाईल नंबरही बघा. परिवहनच्या पोर्टलवर अर्ज भरताना ओटीपी जातो तो नोंदवलेल्या नंबरावर, आणि १५ वर्षांपूर्वी शोरूमवाल्याने कुणाचा नंबर टाकला होता देव जाणे. चेसिस आणि इंजिन नंबर देऊन पोर्टलवरच तो बदलता येतो. परिवहनच्या ॲपवर दिसणारा चेसिस नंबर आणि गाडीवरचा नंबर अक्षर अन् अक्षर ताडून बघा. जुन्या नोंदी संगणकात चढवताना शून्याचा ओ आणि आठाचा बी झालेला मी पाहिला आहे. एका अक्षराने सगळं अडतं.

उच्च सुरक्षा नंबरप्लेट म्हणजे एचएसआरपी, १ एप्रिल २०१९ आधी नोंदलेल्या प्रत्येक गाडीला राज्यात सक्तीची आहे. ती नसेल तर आरटीओतलं काम पुढे सरकत नाही. चारचाकीला ७४५ रुपये आणि वर जीएसटी. बुकिंग परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरूनच करा, तशाच दिसणाऱ्या बनावट साइट आहेत. थकलेली ई-चलनंही याच वेळी भरून मोकळे व्हा.

शुल्काचं थोडक्यात सांगतो. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये आहेत, आधी ते ६०० होते. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांवरच्या मोटारीला १०,००० झाले. उशीर केलात तर दर महिन्याला ५०० वाढत जातात. शिवाय राज्याचा पर्यावरण कर, डिझेलला पेट्रोलपेक्षा जास्त. अर्ज फॉर्म २५ वर, आणि मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून तो करता येतो. हे ६० दिवस पूर्ण वापरा. मुदतीच्या आठवड्यात आलेला माणूस घाईत असतो, आणि घाईतली दुरुस्तीच पुन्हा परत येते.

चेसिस नंबर वाचता येत नाही

खाडीकाठची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, यामुळे आपल्याकडच्या गाड्यांत हा दोष पुण्या-नाशिकच्या गाड्यांपेक्षा जास्त येतो. काही गाड्यांत नंबर बोनेटखाली मागच्या पत्र्यावर ठोकलेला असतो, काहींत पुढच्या सीटच्या खाली, कार्पेट उचललं की दिसतो. सीटखालचा नंबर जास्त धोक्यात. वंदना टॉकीजपाशी साचलेल्या पाण्यातून गाडी एकदा नेली की कार्पेटखालचा फोम ओला राहतो, वरून कोरडा लागतो, आणि पत्रा आतून पोखरत जातो.

पत्र्यावर गंजाची पापुद्र्यासारखी साल दिसली तर ग्राइंडर, वायर ब्रश, खरखरीत पॉलिश पेपर यांतलं काहीही लावू नका. अंक आधीच उथळ झालेले असतात, घासलेत की गेलेच. रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं रात्रभर नंबरावर ठेवा. सकाळी मऊ ब्रशने हलक्या हाताने साफ करा, कोरडं पुसा, वर पातळ कागद धरून आडव्या पेन्सिलने ठसा घ्या. सगळे अंक उठले तर तोच ठसा अर्जाला लावायचा आहे. मग नंबरावर ग्रीसचा पातळ थर द्या.

अंक उठतच नसतील तर पुढचं काम तुमचं नाही आणि गॅरेजवाल्याचंही नाही. आरटीओत अर्ज देऊन त्यांच्या आदेशानेच नंबर पुन्हा ठोकून घेता येतो. कुणी "मी पंच मारून देतो, कुणाला कळणार नाही" म्हणाला तर त्याच्या दारातून गाडी काढा. नंबरात फेरफार केलेली गाडी चोरीच्या गाडीच्या संशयात जाते आणि त्यातून बाहेर काढताना मालकाची फरफट होते.

पीयूसी दर सहा महिन्यांनी अडते

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण इथेच लोकांचे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. फेल झाली की टाकीत ॲडिटिव्हची बाटली ओतायची, नाही तर प्लग बदलायचे, नाही तर सरळ दुसऱ्या केंद्रावर जायचं. यांतलं एकही निदान नव्हे.

फेल झाल्यावर केंद्रावरून आकडे लिहून घ्या, कारण निदान आकड्यांतच असतं. पेट्रोल गाडीत दोन आकडे महत्त्वाचे: कार्बन मोनॉक्साइड म्हणजे सीओ, टक्क्यांत, आणि हायड्रोकार्बन म्हणजे एचसी, पीपीएममध्ये. बीएस म्हणजे भारत स्टेज, धुराचं सरकारी मानक. बीएस-२ आणि बीएस-३ गाडीला सीओ ०.५ टक्के आणि एचसी ७५० ही मर्यादा आहे. बीएस-४ ला सीओ ०.३ आणि एचसी २००. फरक केवढा आहे बघा. मुंबईसह मोठ्या शहरांत बीएस-४ सुरू झालं १ एप्रिल २०१० ला, म्हणजे त्या वर्षाच्या आगेमागे घेतलेली गाडी दोन्हींपैकी कुठलीही असू शकते. तुमच्या गाडीचा मानक कोणता नोंदला आहे तो ॲपवर पाहून घ्या. चुकीचा असेल तर मर्यादाही चुकीची लागेल. बीएस-४ आणि पुढच्या गाडीला पीयूसी वर्षभर चालतं, त्याआधीच्या गाडीला ६ महिने.

एचसी जास्त आणि सीओ ठीक, म्हणजे पेट्रोल न जळता बाहेर पडतंय. इंजिनाचा एखादा सिलिंडर मिस मारतोय. प्लग, एचटी लीड (प्लगला वीज नेणारी वायर), इग्निशन कॉइल, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) या क्रमाने बघा. सायलेन्सरमधून सकाळी निळसर धूर येत असेल तर ऑइल जळतंय, प्लग बदलून काही होणार नाही.

सीओ जास्त, म्हणजे मिश्रण श्रीमंत आहे, गरजेपेक्षा जास्त पेट्रोल जातंय. एअर फिल्टर काढून उजेडाकडे धरा, पलीकडचं काही दिसत नसेल तर आधी तो बदला. मग एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर. चांगला सेन्सर गरम इंजिनावर साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये सतत वर-खाली होत असतो. एकाच आकड्यावर ठाण मांडून बसला असेल तर तो मेला. पण सेन्सर महाग आहे, म्हणून बदलण्याआधी एक्झॉस्टच्या पाइपला सेन्सरच्या पुढच्या बाजूला, इंजिनाकडे, चीर नाही ना ते बघा. तिथून बाहेरची हवा आत शिरली की सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे, तो इंजिनाच्या कॉम्प्युटरला तसं कळवतो आणि कॉम्प्युटर आणखी पेट्रोल सोडतो. अशा गाडीत नवा सेन्सर घालूनही तोच निकाल येतो.

आणि आता सगळ्यात जास्त हुकणारं कारण. वर्तकनगरच्या एका काकांची छोटी पेट्रोल गाडी सीओमध्ये दर वेळी अडायची. फिल्टर नवा, प्लग नवे, सेन्सरसुद्धा नवा. मी गाडीत बसलो आणि माजिवड्यापर्यंत जाऊन आलो. तापमानाचा काटा पावावरच, वर चढायलाच तयार नाही.

"काका, थर्मोस्टॅट आहे ना आत?"

"अरे, तो तर मागच्या मेकॅनिकने काढूनच टाकला. गाडी गरम व्हायची ना! तेव्हापासून कटकट नाही."

कटकट होती, फक्त जागा बदलली होती. थर्मोस्टॅटचं काम इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणं. तो काढला की पाणी सतत फिरतं आणि इंजिन कधी पूर्ण तापतच नाही. कॉम्प्युटर समजतो इंजिन थंड आहे आणि थंड इंजिनाला लागतं तेवढं जास्त पेट्रोल देत राहतो. सायलेन्सरच्या नळीतला, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंशांच्या पुढे काम करायला लागतो, तोही नीट तापत नाही. सीओ वाढणारच, आणि ॲव्हरेजही पडणारच. नवा थर्मोस्टॅट बसवला, गाडी मुळात गरम का होत होती ते शोधलं, तर रेडिएटरच्या फॅनचा रिले खराब निघाला. दोन्ही वस्तू मिळून त्या सेन्सरच्या किमतीपेक्षा स्वस्त पडल्या. तुमच्या गाडीचा काटा पंधरा-वीस मिनिटं चालवूनही मधोमध येत नसेल तर मेकॅनिकला पहिला प्रश्न थर्मोस्टॅटचाच विचारा.

सीओ आणि एचसी दोन्ही जास्त, आणि वरचं सगळं ठीक, तर कन्व्हर्टर संपला आहे किंवा आतून रिकामा केलेला आहे. "पिकअप वाढेल" म्हणून आतलं जाळीदार भांडं फोडून नुसता डबा ठेवणारे आहेत. रबरी हातोडीने हलकं ठोकून बघा: आत खुळखुळलं तर भांडं तुटलंय, पोकळ आवाज आला तर ते नाहीच. त्या गाडीला पीयूसीत बसवायला जेवढे मार्ग तुम्हाला सुचवले जातील ते सगळे खोटे आहेत. कन्व्हर्टर घालावाच लागेल.

सीएनजीवाल्यांसाठी एक. वर्षभर गॅसवर चालवून पेट्रोल फक्त सकाळी स्टार्टपुरतं वापरत असाल तर टाकीतलं पेट्रोल शिळं होतं आणि इंजेक्टरला चिकटा धरतो. मग पेट्रोलवर तपासलं की गाडी मिस मारते. पीयूसीच्या आधी ताजं पेट्रोल भरून आठ-दहा दिवस तरी पेट्रोलवर फिरवा.

डिझेलला धुराची घनता मोजतात. बीएस-४ च्या आधीच्या गाडीला मर्यादा ६५ हार्ट्रिज (हे धुराच्या घनतेचं एकक), बीएस-४ ला ५०. नेहमी तीन हात नाक्यापुरतं हळू चालवलेल्या डिझेल गाडीच्या नळीत काजळी बसलेली असते. इंजिन ऑइल, एअर फिल्टर, डिझेल फिल्टर बदलून तिला हायवेला मोकळी पळवून आणा. तरीही धूर काळाच असेल तर इंजेक्टर तपासणीला द्या. तपासणीला कुठलीही गाडी पूर्ण तापलेली न्या, रांगेत अर्धा तास बंद ठेवून थंड झालेली नको.

हेडलाइट मंद म्हणून परत

लोक बल्ब बदलतात आणि चुकतात. सगळ्यात आधी काच. पिवळट, दुधी झालेली प्लास्टिकची काच ८०० पासून सुरू करून २०००, ३००० पर्यंतच्या वॉटर पेपरने पाणी मारत घासली आणि पॉलिश केली की स्वच्छ होते. पण वर यूव्हीचा थर मारला नाही तर दोन पावसाळ्यांत तीच गत. आतला रिफ्लेक्टरच काळा पडला असेल तर घासून उपयोग नाही, पूर्ण लाइट बदला.

काच स्वच्छ आणि तरी प्रकाश पिवळा, तर वायरिंग. दिवा चालू ठेवून मल्टिमीटर होल्डरवर लावा. बॅटरीवर साडेबारा आणि होल्डरवर अकरा दिसले तर मधला दीड व्होल्ट गंजलेल्या अर्थिंगने आणि जुन्या स्विचने खाल्ला. हॅलोजन बल्बला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं की प्रकाश जवळपास तीस टक्के कमी होतो. अर्थिंगचा नट सोडून, पत्रा खरवडून, पुन्हा आवळा. तेवढ्याने नाही भागलं तर रिले बसवून घ्या. हॅलोजनच्या लाइटमध्ये बाजारातला पांढराशुभ्र एलईडी घालू नका. तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो, आणि नियमातही बसत नाही.

प्रकाश कुठे पडतो ते सपाट जमिनीवर भिंतीसमोर ५ मीटरवर गाडी लावून बघा. डिपरची वरची रेघ लाइटच्या मध्यापेक्षा साधारण ५ सेंटीमीटर खाली असावी.

हँडब्रेक आणि ब्रेक

हँडब्रेक उचलला की कट-कट आवाज करत पार वर जातो, मेकॅनिक केबल आवळून देतो, महिन्याभरात पुन्हा तेच. कारण मागच्या ड्रमच्या आत आहे. लायनर, म्हणजे ब्रेकचे पट्टे, झिजत गेले की तिथला सेल्फ ॲडजस्टर अंतर भरून काढतो. धूळ आणि गंजाने तो जाम झाला की अंतर वाढत जातं आणि सगळा भार केबलवर येतो. केबल आवळत राहिलात तर एक दिवस लायनर ड्रमला घासतच राहतात आणि चाक तापतं. ड्रम उघडून ॲडजस्टर साफ करून घ्या, लायनर बघा, व्हील सिलिंडर पाझरत नाही ना ते बघा, आणि मगच केबल.

ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर पुढच्या कॅलिपरच्या स्लायडर पिना जाम आहेत का ते पाहा. आणि ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल शोषतं. डॉट-३ ऑइल नवं असताना २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओल धरल्यावर १४० लाच उकळू शकतं. गायमुखचा घाट उतरताना पुढे कंटेनर, मागे कंटेनर, पाय सतत ब्रेकवर, आणि ऑइल उकळून पेडल खाली गेलं तर काय होईल याचा विचार करा. इन्स्पेक्टर हे ऑइल तपासेल न तपासेल, दर दोन वर्षांनी ते बदलाच. तुमच्या गाडीत मागच्या सीटवर कोणी तरी बसलेलं असतं, आणि तुमच्या पुढे स्कूटरवरही कोणी तरी असतं.

बाकीचं पटकन. टायरची नक्षी किमान १.६ मिलीमीटर. काचांवर काळी फिल्म नको, २०१२ पासून सर्वोच्च न्यायालयाची मनाई आहे. पुढचा क्रॅश गार्ड काढा. नंबरप्लेटचा दिवा आणि तिसरा ब्रेकलाइट लागतो का ते दुसऱ्याला मागे उभं करून बघा, हे दोन कोणाच्याच लक्षात येत नाहीत. वायपर, हॉर्न, दोन्ही आरसे, सगळे सीटबेल्ट.

त्या दिवशी

अपॉइंटमेंटच्या पावतीवरची जागा नीट वाचा. कार्यालय आणि तपासणीचं मैदान एकच असेल असं धरू नका. मूळ आरसी, विमा, पीयूसी, फॉर्म २५, ठसा आणि शुल्काच्या पावत्या एका फाइलमध्ये ठेवा, आणि गाडी धुऊन न्या. चिखलाने माखलेल्या गाडीखाली वाकून कोण बघणार? ऑटोमेटेड टेस्टिंग स्टेशन वाट्याला आलं तर ब्रेक रोलरवर, सस्पेन्शन, साइड स्लिप आणि हेडलाइट यंत्रावर मोजतात, तिथे डावं-उजवं चाक सारखं धरलं पाहिजे. आवळलेली केबल तिथे लगेच उघडी पडते.

परत पाठवलं तर वाद घालू नका, पण कारण लेखी मागा. "ब्रेक बराबर नाही" एवढ्यावर घरी येऊ नका. कुठलं चाक, पायाचा ब्रेक की हाताचा, हे विचारा. नम्रपणे विचारलं तर बहुतेक इन्स्पेक्टर दाखवून देतात. तो कागद जसाच्या तसा मेकॅनिकला द्या.

एका परिस्थितीत मात्र मी गाडी सोडायलाच सांगतो. जॅकच्या जागेवर किंवा सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलेलं आहे तिथे स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणक आवाज यायला हवा. मग टोक दाबून बघा. टोक आत रुतलं, पत्र्याचा चुरा पडला, तर पुट्टी आणि काळा अंडरकोट मारून ती पास करून घेऊ नका. अशी गाडी धडक बसल्यावर आतल्या माणसाला वाचवत नाही. ती नोंदणीकृत भंगार केंद्रातच द्या. तिथे सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं, त्यावर नव्या गाडीचं नोंदणी शुल्क माफ होतं आणि करात सवलत मिळते. भंगारवाल्याला रोखीने विकलीत तर गाडी कागदावर तुमच्याच नावाने फिरत राहते.

पास झाल्यावर ॲपवर नवी तारीख चढली का ते बघत राहा. चढेपर्यंत शुल्काची पावती आणि तपासणीचा कागद गाडीत ठेवा. नवी आरसी हातात आली की तिची प्रत विमा कंपनीला पाठवा, आणि इंधन, रंग, पत्ता, चेसिस नंबर पुन्हा एकदा वाचून काढा. छपाईत चूक असेल तर ती त्याच आठवड्यात दुरुस्तीला टाका.